औषध जागेवर घातलंस का?

भूपाल,

परवा शनिवारी तुझ्या शोकसभेत मला ओकारी आली. बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही, खरंच आली. कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर तुझा हार घातलेला फोटो आणि बोलणाऱ्यांसाठी पाण्याचे ग्लास. कुणी तरी हौसेनं त्या पाण्यात केवडा टाकला होता. तुझ्या शोकसभेत, मर्दा! पाण्याला वास असू नये म्हणून ज्या माणसानं उभा जन्म भांडण्यात घालवला, त्याच्याच फोटोसमोर केवड्याचं पाणी. मी एक घोट घेतला, तो तोंडातच फिरला. मागच्या दारानं बाहेर गेलो आणि जास्वंदीच्या बुडात थुंकलो.

केवड्याला उगाच बोल लावायला नको. ती ओकारी त्याच्या आधीच्या भाषणाची होती. मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या त्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब आले होते. तेच, पोटावर ताणलेला सफारी आणि बोलताना दर वाक्याला डोळे मिटायची सवय. आवाजात तूप घालून म्हणाले, "भूपाल सर म्हणजे सत्य. आमच्या कारखान्याखालच्या ओढ्याचं पाणी निर्दोष आहे, असा दाखला सरांनी स्वतःच्या सहीनं दिला. आम्ही तो काचेत लावून ठेवलाय." मग जाहीर केलं की कारखान्याच्या दारात तुझ्या नावानं पाणपोई बांधणार, आणि तिच्या दगडावर तुझ्या दाखल्यातलं वाक्य कोरणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! शी! वर ते म्हणाले, पाणपोईच्या दिवशी एक स्मरणिका निघेल आणि तिच्यात सरांचे जिवलग मित्र बापू सर आठवणी लिहितील. सगळे माझ्याकडे वळले. मी काय केलं असेल? हात जोडले. मान डोलावली. त्या हॉलमधली सगळ्यात किळसवाणी गोष्ट ती होती, माझी डोलणारी मान.

तर ह्या त्या आठवणी. स्मरणिकेसाठीच लिहितोय. आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्याचा गैरसमज नको. त्या दाखल्यावर सही तुझी आहे, पण त्यातलं खोटं माझं आहे. तुला हे ठाऊक होतं. सतरा वर्षं ठाऊक होतं, आणि तू एक चकार शब्द काढला नाहीस.

आपलं शेवटचं भांडणसुद्धा पाण्यावरूनच झालं आणि अर्धंच राहिलं. तेच आपलं जुनं, अर्ध्या गुणाचं. पोरं पेपरात लिहायची, 'पाणी रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असते.' तू लाल पेन्सिलीनं अर्धा गुण कापायचास. का, तर 'शुद्ध' लिहिलं नाही. मी म्हणायचो, "अरे, पुस्तकात तसंच छापलंय."

"छापणाऱ्यानं नाक कुठं गहाण ठेवलं होतं ते इचार त्याला," तू म्हणायचास. "आमच्या ह्या पोरांच्या गावातल्या पाण्याला रंग हाय, वास हाय, चव हाय. त्यांनी नाकाला खोटं पाडून पुस्तकाला खरं म्हणायचं? उद्या आणि काय काय खरं म्हणतील ही?"

मग तू घरी गेलास की मी ते कागद काढून अर्धा गुण परत द्यायचो. वीस वर्षं आपलं हे चाललं होतं. गेल्या महिन्यात तू मला ते करताना पकडलंस आणि संतापानं तुझे कान लाल झाले. "दयाळू हाईस की लेका, दुसऱ्याच्या पेन्सिलीवर," म्हणालास. मी म्हटलं, सोमवारी बोलू. त्या सोमवारी तू नव्हतास. आता तुझं ते वाक्य माझ्या कानात बसलंय आणि निघता निघत नाही.

तसा तू मला पाणी शिकवलंस हे कबूल केलंच पाहिजे. पदवी मीही घेतली होती, पण पाणी म्हणजे काय ते तुझ्यामुळं कळलं. तू बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात भुसा घालून लादी आणायचास, सायकलच्या कॅरिअरला बांधून, आणि वर्गात पोचेपर्यंत तिची वीट झालेली असायची. ती बादलीत सोडून विचारायचास, "दगड बुडतो, लोखंड बुडतं, मग घट्ट झालेलं पाणी पाण्यावर का तरंगतं रं?" मग तू सांगायचास की थंड होता होता सगळं आकसतं, पाणीही आकसतं, पण चार अंशाला येऊन थांबतं आणि मग उलटं फुगायला लागतं. म्हणून थंड मुलखात तळं वरून गोठतं, खाली पाणी राहतं आणि मासे जगतात. "ह्या एका हट्टावर जगातली निम्मी जित्राबं जगल्यात," म्हणायचास. तास संपला की तोच बर्फ फोडून आपण लिंबाच्या सरबतात घालून प्यायचो. भुशाचे कण दातात यायचे. ते सरबत मला फार आवडायचं, भूपाल. हे सांगायचं राहून गेलं होतं.

मासा पाणी पीत नाही, पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतो, हेही तूच मनावर ठसवलंस. थंड पाण्यात हवा जास्त मावते, गरम पाण्यात कमी. आणि पाण्यात घाण कुजायला लागली की कुजवणारे जंतू ती हवा खाऊन टाकतात, मग त्या पाण्यात मासा, बेडूक, काही म्हणता काही उरत नाही. पाण्याचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा दोष एकच, असं तुझं म्हणणं. ते कुणालाच नाही म्हणत नाही. मीठ आलं, घे. साखर आली, घे. विष आलं, घे.

तुझ्या घरी मात्र पाण्याबद्दल वेगळीच शिस्त. कॉलेजात असताना मी तुझ्या गावी, जयसिंगपूरच्या पुढं, पहिल्यांदा आलतो तेव्हा तुझ्या आईला, अव्वाला, पाणी भरताना बघितलं. तुमच्या जैनांच्या घरात पाणी गाळून पितात हे ठाऊक होतं, पण अव्वाचं गाळणं बघून मी तोंडात बोट घातलं. घागरीच्या तोंडावर दुहेरी जाड कापड, त्यातून पाणी सावकाश ओतायचं. मग ते कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच धुवायचं, आणि ते धुवण वायासुद्धा घालवायचं नाही. त्यातले बारीक जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. तेही वरून ओतायचं नाही. एका लहान कळशीच्या बुडाला कडी होती, तिला दोरी बांधून अव्वा कळशी पार पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग हळूच कलती करायची.

तू तेव्हा नुकता रसायनशास्त्राचा झालेला, शिंगं फुटलेली. म्हणालास, "अव्वा, कापडातनं जंतू जात्यात. त्यास्नी काय तुझं गाळणं अडवतंय?"

अव्वा हातातलं काम न थांबवता म्हणाली, "न्हाय अडवत तर न्हाय. जे सापडलं ते जिथलं तिथं सोडायचं. वरनं टाकलं तर मरतंय. खाली नेऊन सोडायला काय हात मोडत्यात व्हय?"

तू हसलास. पण पुढं आयुष्यभर तेच केलंस. पाण्याचा नमुना घ्यायला तू जसा वाकायचास तसा कुणी देवळातही वाकत नाही. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची. प्रवाहाकडं तोंड करून आडवी बुडवायची, काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. आणि त्यातली हवा मोजायची असेल तर दोन्ही औषधं तिथंच, काठावरच, नळीचं टोक पाण्याखाली नेऊन घालायची. बूच लावायचं, बाटली खालीवर करायची. पाण्यात हवा असेल तर काताच्या रंगाचा तपकिरी साका बसतो. नसेल तर पेजेसारखा पांढरा. औषध घातलं की पाण्यातली हवा जशीच्या तशी बांधली जाते, मग बाटली कुठंही न्या. पण औषध न घालता नेली तर वाटेत पाणी बाहेरची हवा पितं आणि सगळं खोटं होतं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी तू हे माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलंस. जागेवर, जागेवर, जागेवर.

त्या ओढ्याकाठच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाची काय चूक? सतरा वर्षांमागं तिथले लोक कॉलेजात आले होते. मासे पोटं वर करून तरंगायला लागले होते, म्हशी पाण्याला तोंड लावेनात. कारखाना म्हणाला, कॉलेजच्या प्रोफेसरांनी तपासावं, ते म्हणतील ते मान्य. त्या दिवशी तुझे तास होते, म्हणून मला पाठवलंस. सायकलवर नऊ मैल.

तो वास अजून माझ्या नाकात आहे. गुऱ्हाळावरून गेलं की पोटात भूक उठते, तुला ठाऊक आहे. हा त्याच गुळमट वासाचा कुजलेला भाऊ. गरम, आंबूस, घशात चिकटणारा. ओढ्याचं पाणी काळंतांबडं, वर फेसाचे गठ्ठे, काठाला मेलेल्या माशांचा थर, आणि त्या थरावर आपल्या घरातल्या माशा घोंघावतायत. मी उतरलो, बाटली बुडवली, आणि उलटी झाली. तिथंच, ओढ्यातच. बाटली पाऊण भरली होती. बूच दाबलं आणि वर पळालो. औषधांची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवलेली होती. परत खाली उतरायचं, परत बाटली भरायची, नळी बुडवायची. मी नाक मुठीत धरून उभा होतो आणि मनात म्हटलं, खड्ड्यात गेलं ते औषध. लॅबमध्ये घालू.

नऊ मैल, खड्ड्याखड्ड्यांतून, पाऊण भरलेली बाटली. ताक घुसळावं तसं ते पाणी हवेशी घुसळलं गेलं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी बेसिनपाशी उभं राहून औषधं घातली आणि साका बसला. तपकिरी. मला ठाऊक होतं का तपकिरी झाला ते. रसायन शिकवणाऱ्याला दोन अधिक दोन येत नाही असं कोण म्हणेल? पण ठाऊक असून मी तोंड धुतलं, कंगवा फिरवला आणि स्टुलावर बसलो.

तास संपवून तू आलास. हातांना खडू. बाटली उजेडात धरलीस, बराच वेळ धरलीस. मग विचारलंस, "बापू, औषध जागेवर घातलंस का?"

"घातलं की," मी म्हणालो.

किती सहज आलं ते! 'घातलं की'! तू एकदाच विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर कदाचित मी खरं बोललो असतो, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. झूट. दहादा विचारलं असतंस तरी तेच म्हणालो असतो. मी तेव्हा कायम झालो नव्हतो, घरी पोरगी दोन महिन्यांची, आणि काठावर ओकलो हे सांगायची लाज. एवढीशी लाज, भूपाल. त्यावर एका गावाचा ओढा गेला.

दाखल्याच्या कागदावर खाली दोन ओळी होत्या. 'नमुना घेणाऱ्याची सही' आणि 'तपासणाऱ्याची सही'. पहिली ओळ मी कोरी सोडली. तू घाईत होतास, तुझ्या ओळीत सही केलीस आणि कागद गेला.

दीड महिन्यानं तुला चैन पडेना. गावचे लोक परत आले होते, आणि तुला पुस्तकापेक्षा नाकावर विश्वास. एका सकाळी तू मला न सांगता एकटाच गेलास. दुपारी परत आलास तेव्हा मी बाकावर वह्या तपासत होतो. तू माझ्यासमोर बाटली ठेवलीस. काठोकाठ भरलेली, बुडबुडा नाही, मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. आत साका पांढरा. निव्वळ पांढरा. मी बाटलीकडं बघितलं, तू माझ्याकडं. मग तू बेसिनकडं गेलास आणि साबणानं हात धुतलेस, कोपरापर्यंत, खूप वेळ. नळ बंद करून म्हणालास, "उद्याचा तिसरा तास माझा तू घे, मला ओढ्याच्या गावाला सभेला जायचंय." बस्स.

तुझा तो तास बुडवून त्या सभेला मीही मागं येऊन उभा राहिलो होतो, हे तुला दिसलं होतं का? तू म्हणालास, पहिला दाखला चुकीचा आहे, ह्या पाण्यात हवाच नाही. तेव्हा हेच मॅनेजरसाहेब डोळे मिटून म्हणाले, "प्रोफेसर, आम्ही अडाणी नाही. पाणी म्हणजे एच टू ओ. त्यातला ओ म्हणजे कोण? पाण्यात ऑक्सिजन नाही हे कसं शक्य आहे?" लोक खो खो हसले. ज्यांचे मासे मेले होते तेही हसले, ह्याचा मला आजही वीट येतो. तू शांतपणे सांगायला लागलास की तो ऑक्सिजन बांधलेला, त्याचंच पाणी झालंय, तो माशाला मिळत नाही. माशाला पाण्यात विरघळलेला मोकळा लागतो. एका म्हाताऱ्याला कळलं. तो ओरडला, "आरं, ते दुसऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीचं दूध हाय! दिसतंय, पर आपल्या चरवीत न्हाय!" पण मॅनेजर सुटणारा नव्हता. "मग पहिला दाखला चुकला कसा? चूक कुणाची?"

मी मागं उभा होतो. मी पुढच्या माणसाआड सरकलो. आता तू माझं नाव घेणार.

"माझी चूक," तू म्हणालास.

"मग ज्याचं एकदा चुकतं त्याचं दुसऱ्यांदा बरोबर कशावरून?" मॅनेजर म्हणाला. सभा संपली. पहिला दाखला काचेत गेला, दुसरा कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. आणि ओढा आजही तसाच वाहतोय.

ह्याच्यापेक्षा वाईट तुझ्या घरात झालं. जयसिंगपूरच्या बाजारात त्या गावची एक बाई अव्वाला भेटली. म्हणाली, "तुमच्याच लेकानं लिवून दिलं न्हवं, पाणी चांगलं हाय म्हणून?" अव्वा कोल्हापूरला तुझ्याकडं आली आणि तुला समोर बसवून विचारलं, "तू लिवलंस?" तू म्हणालास, "व्हय." "खोटं हुतं?" "व्हय." तिनं पुढं काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून तुझ्या घरचं पाणी प्यायची बंद झाली. येताना स्वतःची कळशी विहिरीवरून भरून आणायची, एसटीत मांडीवर धरून. जेवायची तुमच्यात, झोपायची तुमच्यात, नातवंडांची डोकी धुवायची, पण पाणी तिच्या कळशीतलं. हे मला वहिनींनी सांगितलं. आणि हेही सांगितलं की तू रोज पहाटे उठून अव्वाच्याच पद्धतीनं दुहेरी कापडातून एक घागर गाळून ठेवायचास. ती आली असो वा नसो. रोज संध्याकाळी ती घागर झाडांना जायची.

आता खरं सांगू? मला तुझा राग येतो. तुझ्या त्या गप्प बसण्याची मला शिसारी आहे. मला एक थोबाडीत मारली असतीस, चारचौघांत नाव घेतलं असतंस, नोकरी गेली असती तर गेली असती, मी पोरीला घेऊन कबनूरला मेहुण्याच्या यंत्रमागावर कामाला बसलो असतो. पण तू माझं खोटं स्वतःत विरघळवून घेतलंस आणि वरून निवळ दिसत राहिलास. माझी कायमची ऑर्डर तूच मिळवून दिलीस. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला, मॅट्रिकच्या निकालाला पेढे घेऊन आलास. दर वेळी मी माझा पेढा पोरीला देऊन टाकायचो. हे उपकार होते की शिक्षा, तेवढं सांगून जायचं होतंस. आणि मी तरी कसला माणूस? सतरा वर्षं रोज तुझ्याबरोबर चहा प्यालो, आणि रोज उद्यावर ढकललं. तू होतास तोवर तुझी भीती नव्हती, गंमत बघ. भीती होती ती तू 'असू दे रं' म्हणशील ह्याची.

परवा त्या सभेत टाळ्या वाजल्या तेव्हा मला कळलं की आता हे दगडावर कोरलं जाणार. माझं खोटं, तुझ्या नावानं, दगडावर. उन्हातनं आलेला माणूस तिथं पाणी पिताना ते वाचणार.

म्हणून काल रविवारी गेलो. आता मोटारसायकल आहे, नऊ मैल म्हणजे काही नाही. वास तोच. फेस तोच. घोंघावणाऱ्या माशांच्या पिढ्या बदलल्या असतील तेवढंच. उलटी ह्याही वेळी झाली, काठावर बसून करून घेतली, तोंड पुसलं आणि खाली उतरलो. बाटली तीनदा खंगाळली. आडवी बुडवली. पहिल्यांदा बुडबुडा राहिला, ओतून दिली. दुसऱ्यांदा राहिला, परत ओतली. तिसऱ्यांदा भरली. औषधं घातली. पँट गुडघ्यापर्यंत त्या घाणीत. बाटली खालीवर केली आणि उजेडात धरली.

पांढरा, भूपाल.

तसाच तुझ्या घरी आलो. अंगाला ओढ्याचा वास, वहिनींनी दार उघडताना पदर नाकाला लावला. अव्वा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, बाजूला तिची कळशी. केवढी लहान झालीय ती. मी समोर बसलो, बाटली फरशीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. सायकल, उलटी, लॅबमधलं बेसिन, 'घातलं की'. तिला औषधांचं किती कळलं ठाऊक नाही. पण जागेवर म्हणजे काय ते तिला सांगायला लागलं नाही.

तिनं बाटलीच्या काचेला बोट लावलं. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या भूपालनं न्हाय केलं?"

"न्हाय, अव्वा. मी केलं."

"आन् त्येला ठावं हुतं?"

"हुतं."

"आन् मी त्येच्या घरचं पाणी सोडलं."

ती भिंतीला हात लावत उठली. वहिनी धरायला आल्या, तिनं हात झटकला. स्वैपाकघरात गेली. तुझी घागर तिथंच होती, वहिनींनी तुझ्यामागंही गाळायचं सोडलेलं नाही. अव्वानं तांब्या बुडवला आणि उभ्यानंच तोंडाला लावला. प्याली. परत बुडवला, परत प्याली. हनुवटीवरून पाणी लुगड्यावर गळत होतं. तिसरा तांब्या निम्मा झाला तेव्हा तिला ठसका लागला आणि ती रडायला लागली. मी तिच्याकडं जायला उठलो.

"हितं येऊ नगंस," ती म्हणाली. "मला सांगून काय करतोस? जिथं केलंस तिथं जाऊन सांग."

मला कुणी पाणी विचारलं नाही. बरोबरच आहे.

तर मॅनेजरसाहेब, स्मरणिकेसाठी मागितलेला लेख हा. छापा. छापणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून मी पाणपोईच्या दिवशी येतोय, आणि पायरीवर उभं राहून सगळा वाचणार आहे, त्या गावच्या माणसांसमोर. बाटली माझ्या हातात असेल, कुणाला हाताळायला देणार नाही. बूच उघडलं की हवा शिरते आणि साका तपकिरी होतो, आणि तुमच्यासारख्यांची बुचं उघडायची सवय मला माहीत आहे.

भूपाल, 'शुद्ध' न लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापलेला मला मान्य आहे. ह्या वर्षीचे पेपर तसेच जातील. आणि बाटलीच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय, तुझ्या पद्धतीनं. ठिकाण, कारखान्याखालचा ओढा. वेळ, सकाळी साडेनऊ. औषध जागेवर घातले, होय. त्याखाली नमुना घेणाऱ्याची सही आहे, आणि ती माझी आहे.

बापू